दुसरा संपर्क

तिचा गेम दुकानातून काढून टाकणार आहेत, हे मला तिच्या सात दिवस आधी ठाऊक होतं. हे एक वाक्य लिहायचं मी वर्षभर टाळत आले, म्हणून आधी तेच लिहून टाकते.

ती आणि मी रामदासपेठेतल्या एका ऑफिसात शेजारी बसतो. दवाखान्यांमध्ये नंबर लावायचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. ‘डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत’ ही पाटी निळी असावी की हिरवी, यावर आमच्याकडे तीन-तीन मीटिंगा होतात. या असल्या कामाचा वीट आला म्हणून आम्ही दोघींनी घरी बसून स्वतःचे गेम करायला घेतले. अशा गेमला इंडी गेम म्हणतात. मागे कंपनी नाही, माणसं नाहीत. चित्रं, कोड, आवाज सगळं एकट्याने करायचं आणि शेवटी एकट्यानेच खेळत बसायचं. निदान माझं तरी तसं झालं.

माझ्या गेमचं नाव ‘पंगत’. तुम्ही वाढपी. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, कढी गार होता कामा नये, आणि व्याह्यांच्या पानात जिलबी आधी पडली पाहिजे, नाही तर मांडवात रुसवे-फुगवे सुरू. तीन वर्षं मी तो गेम घासला. कढीवरची वाफ कशी हलते एवढ्यासाठी एक अख्खा उन्हाळा घालवला. हुडकेश्वरच्या आमच्या घरात कूलर घरघरतोय आणि मी वाटीतली वाफ पुसून पुन्हा काढतेय, असं माझ्या नवऱ्याने त्या उन्हाळ्याचं वर्णन करून ठेवलं आहे.

तिने तिचा गेम आठ महिन्यांत केला. चित्रं बोटाने काढलेली, घरं वाकडी, माणसांना हाताची बोटं चारच. गेमचं नाव ‘मारबत’.

नागपूरबाहेरच्या वाचकासाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. बांबू आणि कागदाची केलेली भली थोरली बाई, एक काळी आणि एक पिवळी. तिला इतवारी-महालाच्या गल्ल्यांमधून मिरवतात, आणि वर्षभरात जे जे नकोसं झालं ते तिने घेऊन जावं म्हणून लोक ओरडतात. खोकला घेऊन जाय गे मारबत, रोगराई घेऊन जाय गे मारबत. मग तिला जाळतात. माझ्या मैत्रिणीच्या गेममध्ये तुम्ही ही मारबत ओढत न्यायची. प्रत्येक घरातून कुणी आपलं दुखणं देतं, कुणी परीक्षा, कुणी जावेचे टोमणे. मारबत जड होत जाते. आणि ती नुसती बटणं दाबून पुढे सरकत नाही. तुम्हाला माइकमध्ये ओरडावं लागतं. आधी गेममधला एक आवाज ओरडतो, त्याच्यामागे तुम्ही.

तो आवाज तिच्या वडिलांचा. काकांची सगळी उमर इतवारीत गेली. मिरवणुकीत त्यांच्या गल्लीची पहिली आरोळी त्यांचीच असायची. आता ते धरमपेठेत तिच्याकडे राहतात. त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की आवाज राहीलच असं नाही. ऑपरेशनच्या आदल्या रविवारी दुपारी तिने त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं, बाहेरचे हॉर्न ऐकू येऊ नयेत म्हणून डोक्यावरून रजई टाकली आणि माझ्या हातात मोबाइल दिला. रजईच्या आत काका आणि मी. मे महिना. काकांनी घाम पुसला, खाकरले आणि अशी आरोळी ठोकली की वरच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून खाली आली. ऑपरेशननंतर त्यांच्या गळ्यातून फक्त हवा येते. जवळ कान नेला तर शब्द कळतात.

आम्ही दोघींनी गेम एकाच ठिकाणी ठेवले. इंटरनेटवरच्या मोठ्या दुकानात रोज इतके गेम येऊन पडतात की तिथे आपला गेम म्हणजे दर्यामें खसखस. हे छोटं दुकान परदेशातलं, चार माणसं मिळून चालवतात, आणि त्यांना आवडलेले गेम ते पहिल्या पानावर मांडतात. हे दुकान तिला मी दाखवलं होतं. मीच. हे मी त्या काळात माझ्या नवऱ्याला इतक्यांदा ऐकवलं की तो पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणायचा.

‘पंगत’ दुकानात पडून राहिली. एकाने लिहिलं, ‘छान वाफ’. बस्स. आणि ‘मारबत’ तिसऱ्याच आठवड्यात पहिल्या पानावर गेली. कुठल्या कुठल्या देशांतले लोक आपल्या खोलीत उभं राहून ‘घेऊन जाय गे’ ओरडायला लागले आणि तसले व्हिडिओ टाकायला लागले. त्यांच्या ‘घ’चा ‘ग’ व्हायचा, पण ओरडत होते जीव तोडून. ती ते व्हिडिओ रोज संध्याकाळी काकांना दाखवायची. काका कपाळावर हात मारून हसायचे, आवाज न करता.

मला हेवा वाटला का? हेवा हा फार सभ्य शब्द झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार बोटांची माणसं! वाकडी घरं! मी तिला तोंडावर म्हणत होते, ‘भारी झालं वं,’ आणि घरी येऊन तिच्या गेममधल्या चुका मोजत होते. सव्वीस सापडल्या. त्यातल्या दोन तर मी तिला सांगितल्या, मैत्रीण म्हणून.

आता त्या फॉर्मबद्दल.

दुकानात गेम ठेवताना एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो. गेममध्ये मारामारी, रक्त, आग असं काही असेल तर आपल्या शब्दांत वर्णन करा, असा त्यात एक रकाना असतो. तिला इंग्रजी लिहायचा कंटाळा. ‘तूच लिही नं वं, तुझं चांगलं आहे,’ असं म्हणून तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मीही ऐटीत लिहिलं. काय लिहिलं ते मराठीत सांगते: ‘लोक तिला गल्ल्यांमधून फिरवतात. घराघरातून तिच्यावर आपली दुखणी टाकतात. शेवटी सगळे मिळून तिला जाळतात. मुलांना फार मजा येते.’

आम्ही दोघींनी ते वाचलं. दोघींना त्यात काही वावगं दिसलं नाही. ‘पुतळा’ हा शब्द मला सुचलाच नाही, कारण नागपुरात तो कुणी वापरत नाही. मारबत जाळली म्हणतात. मारबतीचा पुतळा जाळला असं म्हणणारा माणूस पुण्याचा असतो. एखाद्या परक्या गावच्या माणसाला ते चार ओळींचं वर्णन कसं दिसेल, हे कळायला आम्ही परक्या गावच्या असायला हव्या होतो. एवढं मात्र छातीवर हात ठेवून सांगते, ती चूक मी मुद्दाम केली नव्हती. पुढचं सगळं मुद्दाम होतं.

फॉर्मच्या शेवटी दोन रकाने होते, पहिला संपर्क आणि दुसरा संपर्क. पहिल्यात तिने गेमसाठी नवीन काढलेला मेल टाकला. दुसऱ्यात माझा. ‘राहू दे, एकीनं नाही पाहिलं तं दुसरी पाहीन,’ ती म्हणाली होती.

मेल आला सोमवारी, चारच्या चहाच्या वेळेला. मी मोबाइलवर उघडला. त्यातल्या लिंकवरून दुकानाचं निरोपांचं पान उघडलं. लिहिलं होतं की तुमच्या गेममध्ये जमाव एका स्त्रीला रस्त्याने ओढत नेऊन जाळतो आणि मुलं आनंदाने ओरडतात, अशी एका ग्राहकाची तक्रार आहे. तुम्ही स्वतः दिलेल्या वर्णनातही तेच दिसतं. सात दिवसांत खुलासा करा, नाही तर गेम काढावा लागेल.

मला आधी हसूच आलं. इतकं आलं की चहा सांडला. ही गंमत तिला कधी सांगते असं झालं होतं. ती तिचा नवीन मेल उघडत नाही हे मला माहीत होतं; पासवर्डसुद्धा तिने माझ्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. मी खुर्ची वळवली, तेवढ्यात तीच मोबाइल घेऊन आली. कुठल्याशा बर्फाच्या गावातली एक म्हातारी टोपी घालून ‘गेऊन जाय गे’ ओरडत होती. आम्ही दोघी हसलो. मग ती अगदी मनापासून म्हणाली, ‘तुह्या पंगतीत आवाज नाही नं वं, म्हणून लोक थांबत नाहीत. बाबाले विचारू का? कुजबुज तं करू शकतात ते.’

तिच्या मनात काही नव्हतं. तिच्या मनात कधीच काही नसतं, हाच तर माझा त्रास. मी म्हटलं, ‘बघू.’ तिची पाठ वळल्यावर तो मेल पुन्हा ‘न वाचलेला’ करून ठेवला. वाचलेलं पत्र न वाचलेलं करण्याची सोय ज्याने केली, त्याला माझ्यासारखी माणसं चांगली ठाऊक असणार.

मंगळवारी सांगू, असं ठरवलं होतं. मंगळवारी तिने डब्यात पाटोडी आणली होती आणि सगळं ऑफिस तिच्या टेबलाभोवती होतं. बुधवारी मी स्वतःला समजावलं की तिच्याही मेलवर गेलंच आहे की, बघेल ती. मोठी बाई आहे. गुरुवारी मला ताप आला, खरोखरचा, आणि मला बरं वाटलं. रजेच्या त्या दोन दिवसांत मी ‘पंगत’ उघडून बसले. तीन वर्षांचं काम. वाफ अजून सुंदर हलत होती. मनात एकच घोळत होतं, तिचा गेम तिथून गेला तर पहिल्या पानावर एक जागा रिकामी होईल.

ती जागा मला मिळेल असं मला वाटत होतं का? नाही. मला फक्त ती तिच्याकडे नको होती.

पुढच्या सोमवारी ‘मारबत’ दुकानातून गेली. तिला ते एका खेळणाऱ्याच्या निरोपावरून कळलं. ती माझ्या टेबलाशी आली. चेहरा असा की पोर बाजारात हरवलं असावं. ‘गेमच नाही दिसून राहिला वं. काय झालं असंन?’

मी तिला काय झालं असेल ते समजावून सांगितलं. हो, समजावून सांगितलं, शहाण्यासारखं. छोट्या दुकानांचं असंच असतं, म्हटलं. चार माणसं, हजारो गेम, आणि डोक्यावर पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या मोठ्या कंपन्या, ज्यांच्याशिवाय त्यांचं दुकान एक दिवस चालत नाही. तक्रार आली की शहानिशा करायला त्यांच्याकडे माणूस नसतो. रस्त्यावर तपासणीची जीप दिसली की किराणावाला फळीवरची वस्तू आधी आत टाकतो, ती बरोबर आहे की चूक हे नंतर बघतो. कुणाचा गेम विनापरवानगी वापरलेल्या गाण्यावरून जातो, कुणाचा जुना फॉर्म नवीन न भरल्यावरून. आणि पुष्कळांचा तर नुसता एवढ्यावरून जातो की दुकानाने काही विचारलं आणि कुणी उत्तर दिलं नाही.

शेवटचं वाक्य मी तिच्याकडे न बघता बोलले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

आता वाटलं होतं की माझ्या पोटातलं दुखणं थांबेल. छे! दोन दिवसांत जगभरातल्या खेळणाऱ्यांनी बोंब ठोकली. आमची मारबत परत द्या. काही जणांनी पुठ्ठ्याच्या मारबती करून त्यांचे फोटो टाकले. एकीने तर दुकानाच्या नावानेच आरोळी दिली, असले नियम घेऊन जाय गे मारबत. दुकानात असताना तिचा गेम जितका गाजला नव्हता तितका नसताना गाजला. आणि मी ते वाचत बसले होते आणि जळत होते, कारण ‘पंगत’ काढून टाकावी असंही कुणाला कधी वाटलं नव्हतं. त्यासाठी आधी कुणी तरी ती खेळायला हवी होती. माणूस काढून टाकल्याचाही हेवा करू शकतो, हे मला त्या आठवड्यात कळलं.

शनिवारी दुपारी ती म्हणाली, ‘घरी येतं का? ते खुलाशाचं लिहून दे. मले नाही जमत.’ नाही म्हणायला मला निमित्त सापडलं नाही. मी धरमपेठेला गेले.

ती लॅपटॉप आणायला आत गेली. काका दिवाणावर बसले होते. मला बघून त्यांनी हाताने जवळ बोलावलं. मी शेजारी बसून कान त्यांच्या तोंडाशी नेला. रजईत बसलो होतो तेव्हा जितके जवळ होतो तितकी जवळ. एकेका शब्दाला दम घेत ते म्हणाले, ‘पोरी, तू होती नं तिथं. मी लय जोरात ओरडलो का वं? म्हणून काढलं का त्याईनं?’

मी ‘नाही काका’ म्हटलं.

‘मंग काहून काढलं?’

मला उत्तर माहीत होतं. सबंध नागपुरात ते फक्त मला माहीत होतं, असं मी धरून चालले होते. ‘माझ्या लिहिण्यात चूक झाली, काका,’ मी म्हटलं. अर्धंच खरं. काकांनी माझ्या हातावर थोपटलं. ‘लिहिण्यातली चूक तं दुरुस्त होते,’ ते म्हणाले.

मग मी लिहायला बसले आणि सांगते, असं मी जन्मात लिहिलं नव्हतं. बांबू कसे बांधतात, कागद कुठून आणतात, तिला साडी कशी नेसवतात, बायका लेकरांना तिच्या पायाशी का नेतात. जाळतात ती बाई नव्हे, वर्षभराचा खोकला आणि वर्षभराची भांडणं. गेममधला आवाज ज्यांचा आहे त्यांच्याकडे तो आता नाही. तो फक्त तुमच्या दुकानात होता. हे शेवटचं वाक्य लिहून मी थांबले, कारण स्क्रीन दिसेना.

दुकानाचं उत्तर तीन दिवसांत आलं. त्यांनी माफी मागितली होती. आम्हाला शहानिशा करायला वेळ नव्हता आणि तुमच्याकडून उत्तर नव्हतं, म्हणून काढला, असं सरळ लिहिलं होतं. गेम परत ठेवतो, फक्त फॉर्म नव्याने भरा.

पुन्हा शनिवार, पुन्हा तिचंच घर. या वेळी लॅपटॉप तिच्या पुढ्यात आणि मी शेजारी. वर्णनाच्या रकान्यात मी सांगितलं तसं तिने लिहिलं. ‘पुतळा’ हा शब्द तीन वेळा आला. मग तिला कुठलीशी जुनी तारीख हवी होती म्हणून तिने निरोपांचं पान उघडलं. मी ते पान त्या सोमवारनंतर पाहिलं नव्हतं. प्रत्येक निरोपाखाली बारीक करड्या अक्षरांत एक ओळ होती. पहिल्या निरोपाखाली लिहिलं होतं: वाचला, दुसरा संपर्क, सोमवार, चार वाजून बारा मिनिटं.

मेल न वाचलेला करता येतो. ते पान तसं करता येत नव्हतं.

तिने ती ओळ वाचली नसेल असं मी क्षणभर स्वतःला सांगून पाहिलं. पण तिचा हात माउसवर तसाच थांबला होता, आणि ती ओळ ती पहिल्यांदा पाहत नव्हती हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. खुलासा मागितलाय हे तिला त्या पानाशिवाय कळलंच नसतं; म्हणजे ज्या शनिवारी तिने मला तो लिहायला बोलावलं त्याच्याही आधी तिने ती पाहिली असणार. मी तिच्याच घरात तिच्याच वडिलांशी अर्धं खरं बोलत होते आणि ती आत लॅपटॉप शोधायला इतका वेळ लावत होती.

तिने पान बंद केलं, फॉर्मच्या शेवटी आली. पहिला संपर्क, तिचा. दुसऱ्यात ती माझा पत्ता टाइप करायला लागली.

‘माझा नको टाकू,’ मी म्हटलं.

‘राहू दे वं,’ ती म्हणाली. ‘तू वाचतं तरी.’

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं. ती उठून चहा टाकायला गेली. आत काकांना ती काहीतरी सांगत होती.

मी स्क्रीनकडे पाहिलं. माझ्या पत्त्यात तिच्याकडून एक अक्षर चुकलं होतं. तसंच राहू दिलं असतं तर दुकानाचा कुठलाच निरोप पुन्हा माझ्यापर्यंत आला नसता आणि त्यात माझा काही दोषही नसता. तिच्या जागी मी असते तर तो रकाना रिकामा ठेवला असता, आणि माझ्यासारख्या बाईशी जन्मभर बोलले नसते. माझा पत्ता पुन्हा लिहिणं तिला जमतं, मला जमलं नसतं. चार बोटांच्या माणसांचा, पहिल्या पानाचा, त्या बर्फातल्या म्हातारीचा मिळून जेवढा हेवा केला नसेल, तेवढा त्या क्षणी मला तिचा वाटला.

मी ते अक्षर दुरुस्त केलं आणि फॉर्म पाठवला.